मारिया कॅलासच्या मागे मागे: पॅरिस ते एपिडॉरस

पहिला दिवस, पॅरिस

रात्रभर विमानात बसून ताईचे पाय सुजले होते. हॉटेलात सामान टाकलं तेव्हा दुपारचे तीन वाजले. "मी जरा पडते," असं म्हणून ती आडवी झाली खरी, पण माझी चुळबुळ पाहून दहाच मिनिटांत उठली. "चल बाई, तुझा जीव तिकडेच अडकलाय."

तिकडे म्हणजे आव्हेन्यू जॉर्ज मांदेल, क्रमांक ३६. त्रोकादेरो स्टेशनातून वर आलं की सगळी गर्दी आयफेल टॉवरकडे तोंड करून उभी असते. आम्ही टॉवरकडे पाठ करून चालू लागलो. रुंद रस्ता, झाडांच्या रांगा, फिकट दगडाच्या श्रीमंत इमारती. छत्तीसच्या भिंतीवर एक पाटी आहे. या घरात १६ सप्टेंबर १९७७ रोजी ऑपेरा गायिका मारिया कॅलास गेली. वय अवघं ५३.

माझ्या गाण्याच्या बाईंकडे तिची एक कॅसेट होती. एकदा शिकवणी संपल्यावर बाई म्हणाल्या, "थांब, ही ऐकून जा." ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, हेही मला तेव्हा धड ठाऊक नव्हतं. बेल्लिनीच्या 'नॉर्मा'मधलं 'कास्ता दीवा' होतं ते, म्हणजे चंद्रदेवतेची प्रार्थना. स्वरांची एक लांब ओळ निघाली आणि ती कुठे टेकणार याचा अंदाजच येईना. बाई डोळे मिटून एवढंच म्हणाल्या, "दम बघ." त्याला तीस वर्षं झाली. निवृत्तीनंतर पहिला मोठा प्रवास कुठे करायचा, हे माझं तेव्हाच ठरलं असावं.

कॅलासचं नाव काढलं की लोक तिची भांडणं सांगतात आणि ओनासिस सांगतात. तेही सांगून टाकते. १९५९ साली जहाजमालक ओनासिसच्या नौकेवरच्या सहलीनंतर तिचा संसार मोडला, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये त्याने जॅकलिन केनेडीशी लग्न केलं. तिच्या वाट्याला आलेलं हे दुःख खोटं नव्हतं. पण त्या दुःखाखाली तिचं काम पार गाडलं गेलं, आणि मला तिच्या कामाच्याच जागा बघायच्या होत्या. विमानाची तिकिटं पॅरिसला जाणारी आणि अथेन्सहून परतणारी मिळाली, त्यामुळे तिचं आयुष्य आम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे वाचणार होतो.

दुसरा दिवस, पॅरिस

पेर लाशेझ ही दफनभूमी म्हणजे एक गावच आहे. चढ, उतार, दगडी गल्ल्या. अस्थी ठेवायची जागा वेगळी असते, तिथे तळघराच्या पायऱ्या उतरून १६२५८ क्रमांकाच्या कोनाड्याशी पोचलो. वहीच्या पानाएवढी पाटी, तिच्यावर नाव आणि तारखा. कुणीतरी गुलाब चिकटवून ठेवला होता, त्याच्या पाकळ्या कडेने काळ्या पडल्या होत्या.

कोनाडा रिकामा आहे. तिच्या अस्थींचा कलश इथून चोरीला गेला, मग सापडला, आणि १९७९ साली त्या अस्थी ग्रीसच्या एजियन समुद्रात सोडल्या. हे सांगितल्यावर ताई दोन्ही हात जोडण्याच्या बेतात होती ती थांबली. "मग नमस्कार कुणाला करायचा?"

मला उत्तर सुचलं नाही.

दुपारी पॅले गार्निए या पॅरिसच्या ऑपेरागृहाचा जिना आणि छत पाहिलं. १९ डिसेंबर १९५८ ला कॅलास इथे पहिल्यांदा गायली. उत्तरार्धात गायक तीतो गोब्बीसोबत पुच्चिनीच्या 'तोस्का'चा अख्खा दुसरा अंक तिने सादर केला. त्याचं चित्रीकरण आज सहज बघायला मिळतं. मैफल ऐकायची आणि अभिनय बघायचा, असे तिच्या बाबतीत दोन भाग करताच येत नाहीत, हे ज्याला पाहायचंय त्याने तो अंक पाहावा.

तिसरा दिवस, पॅरिस ते मिलान

आजचा दिवस विमानतळांवरच गेला. वाट बघताना ताईला रोमची हकिकत सांगितली. २ जानेवारी १९५८, प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी, रंगमंचावर 'नॉर्मा'. कॅलासचा आवाज बसलेला होता. पहिला अंक कसाबसा निभावून नेला आणि पुढे गायला तिने नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी तिला नखरेल, उर्मट ठरवलं. पुढे न्यायालयात निकाल तिच्या बाजूने लागला, पण तो कोण लक्षात ठेवतो? ताई म्हणाली, "घसा बसल्यावर आमच्या शाळेतली बाईसुद्धा वर्ग घेत नाही." अध्यापनात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

चौथा दिवस, मिलान

ला स्काला बाहेरून अगदी साधं दिसतं. १७७८ सालचं हे नाट्यगृह, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं आणि १९४६ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. शेजारच्या संग्रहालयाचं तिकीट काढलं की, तालीम नसेल तर, एका बॉक्समधून, म्हणजे प्रेक्षकांच्या छोट्या सज्जातून, आतलं सभागृह बघता येतं. आम्ही गेलो तेव्हा रंगमंचावर सुतारकाम चाललं होतं. अंधारात लाल मखमल, सोनेरी कठडे, आणि हातोडीचा ठोका. तो ठोका आमच्या कानाशी इतका कोरडा आणि स्वच्छ आला की ताईने दचकून मागे पाहिलं.

चार मजले बॉक्सचे, त्यावर दोन मजले स्वस्त जागांचे. वरच्या त्या जागांना लोज्जोने म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकांना पिटातला रसिक असायचा ना, तसलेच तिथे बसणारे. खिशात पैसे नाहीत पण गाण्यातली एकेक जागा पाठ. आवडलं तर डोक्यावर घेतील, सूर हलला तर तिथल्या तिथे ओरडून सांगतील. अशा लोकांसमोर कॅलास १२ एप्रिल १९५० ला पहिल्यांदा उभी राहिली, तीही आजारी पडलेल्या रेनाता तेबाल्दी या गायिकेच्या जागी, 'आयदा'मध्ये. त्या वेळी कुणी फार दखल घेतली नाही. मिलानचा संत अँब्रोझ, त्याच्या सणाला म्हणजे ७ डिसेंबरला इथला हंगाम उघडतो. १९५१ चा हंगाम तिने उघडला आणि पुढची सहा-सात वर्षं हे घर तिचं होतं.

तेबाल्दीचा आवाज सायीसारखा. कॅलासचा तसा नव्हता, आणि हे तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. खालचा, मधला आणि वरचा आवाज असे तिचे तीन वेगवेगळे पोत होते, त्यांचे सांधे ऐकू येत. वरचे स्वर कधीकधी कडक लागत, पुढच्या काळात हलू लागले. १९५३-५४ मध्ये तिने तीसेक किलो वजन उतरवलं, त्यानेच आवाज गेला असं पुष्कळ जण सांगतात. वीस वर्षांची होण्याआधीपासून तिने जे अवजड काम केलं ते मात्र कुणी हिशोबात धरत नाही. मला तिचे ते सांधे खुपत नाहीत. गोड आवाज सोडून देऊन नेमका शब्द पकडायचा, हे धाडस तिच्याकडे होतं.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण या रंगमंचावर घडलं. २८ मे १९५५, व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता', दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती, ऑर्केस्ट्रा जुलिनीच्या हाती. पहिल्या अंकाच्या शेवटी पाहुणे निघून जातात, नायिका व्हायोलेता एकटी उरते. कॅलासने गाता गाता पायातले बूट भिरकावून दिले. सभ्य मंडळी नाराज झाली. तिच्या प्रियकराचं, आल्फ्रेदोचं काम करणारा दि स्तेफानो पहिल्या प्रयोगानंतर निघूनच गेला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण शिल्लक आहे, आवाज खरखरीत, मध्ये प्रेक्षकांचा खोकला. क्षयाने खंगलेल्या बाईचा आवाज थकलेलाच हवा, असं कॅलासचं म्हणणं होतं, आणि तो थकवा आणण्यासाठी तिने वर्षानुवर्षं मेहनत केली होती. शेवटच्या अंकात ती स्वर इतका बारीक करते की आपणच श्वास रोखून धरतो. धडधाकट बाईने श्वासावर पूर्ण ताबा ठेवून धाप लागल्यासारखं गायचं, हे किती अवघड आहे ते गाणाऱ्याला विचारा.

याच इमारतीत ऑगस्ट १९५३ मध्ये 'तोस्का'चं ध्वनिमुद्रण झालं. कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारा, व्हिक्तोर दे साबाता एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचा. कॅलास कधी ऐकली नसेल आणि एकच तबकडी घ्यायची असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

पाचवा दिवस, व्हेरोना

मिलानहून व्हेरोनाची गाडी सव्वा तासाची. वाटेत डावीकडे गार्दा सरोवर चमकून जातं. त्याच्या काठी सिर्मिओनेला कॅलास आणि तिचा नवरा मेनेगिनी यांचं घर होतं. मेनेगिनी व्हेरोनाचा वीटकारखानदार, वयाने तिच्या दुपटीहून मोठा. १९४७ च्या उन्हाळ्यात ती या गावात उतरली आणि लगेचच दोघांची ओळख झाली. २१ एप्रिल १९४९ ला इथेच लग्न झालं.

ती आली होती अरेनामध्ये गायला. पहिल्या शतकातलं रोमन प्रेक्षागार, आणि त्यात १९१३ पासून उन्हाळी ऑपेरा. हा उत्सव ज्या गायकाने सुरू केला, त्या जोव्हान्नी झेनातेल्लोनेच न्यूयॉर्कमध्ये कॅलासचं गाणं ऐकून तिला पोंकिएल्लीच्या 'ला जोकोंदा'साठी निवडलं होतं. ती जन्माने न्यूयॉर्कचीच, २ डिसेंबर १९२३ ची, आईबाप ग्रीक. २३ वर्षांची, धिप्पाड, इटलीत अनोळखी.

संध्याकाळी अरेनाच्या दारात रेटारेटी झाली. एका पाठपिशवीचा फटका ताईच्या चष्म्याला बसला, चष्मा दगडावर पडला आणि एक काच तडकून फ्रेमही मोडली. ताईचा नंबर उणे नऊ. दुसरा चष्मा हॉटेलात बॅगेत. मी म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, "तिकिटाचे पैसे काय कमी आहेत? मला हाताला धरून बसव."

तिला धरून एकेक पायरी चढवली. नऊ वाजून गेले तरी दगड तव्यासारखा गरम होता, उशी घेतली होती तरी जाणवत होता. अंधार पडताच वरच्या पायऱ्यांवर लोकांनी छोट्या मेणबत्त्या लावल्या, ती इथली जुनी रीत आहे. मी ताईला विचारलं, दिसतंय का काही? "नुसते ठिपके. प्रत्येक ज्योतीचा एवढा गोळा." तिने मुठीएवढा गोळा करून दाखवला. मग 'आयदा' सुरू झाली. मला दूरवर मुंगीएवढी माणसं दिसत होती, मी नीट बघण्याच्या नादात होते. ताई मात्र मान खाली घालून बसली होती. मध्येच माझा हात दाबून म्हणाली, "आता ती मागे गेली बघ, उजवीकडे." मी पाहिलं. खरंच गायिका उजवीकडे मागे वळून चालत होती.

कॅलासला असंच अंधुक दिसायचं. रंगमंचावर चष्मा घालता येत नसे, आणि चष्म्याशिवाय कंडक्टरची छडी तिच्यासाठी धुक्यात असे. म्हणून ती ऑर्केस्ट्राचं संगीतसुद्धा पाठ करून यायची आणि नुसत्या कानावर उचल घ्यायची. रंगमंचाच्या पायऱ्या आणि वळणं पायांना सवयीची करून घ्यायची. याच अरेनात रंगीत तालमीला पडून तिचा घोटा दुखावला. २ ऑगस्ट १९४७ ला त्या दुखऱ्या पायाने ती उभी राहिली. समोर तुल्लिओ सेराफिन होता, तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कंडक्टर. तोही तिला धड दिसला नसणार. एवढ्या वर्षांत हे मी दहादा वाचलं असेल, पण कळलं ते ताईशेजारी त्या पायरीवर बसल्यावर.

सहावा दिवस, व्हेनिस

ताई दुसरा चष्मा लावून खिडकीशी. गाडी पाण्यावरच्या पुलावरून शहरात शिरते तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली.

ला फेनिचे गल्लीबोळांत लपलेलं आहे. १९९६ मध्ये ते जळून खाक झालं. गावाने ठरवलं, होतं तसं आणि होतं तिथेच बांधायचं, आणि २००३ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. म्हणजे कॅलासच्या वेळचं लाकूड इथे नाही. तरी मी तिथे बराच वेळ बसले, कारण तिचं नशीब इथे उघडलं.

जानेवारी १९४९. ती इथे वाग्नरच्या 'वाल्किरी'मध्ये ब्रुनहिल्डे गात होती. प्रचंड ऑर्केस्ट्रा भेदून जाणारा आवाज लागतो त्याला, तलवारीसारखा. त्याच आठवड्यात बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'ची नायिका मार्गेरिता कारोझिओ आजारी पडली. एल्व्हिराची ही भूमिका हलक्या, पळत्या गळ्याची. बारीक ताना, वरचे स्वर, वेड लागलेल्या मुलीचा प्रवेश. कॅलास हॉटेलात त्यातलं थोडंसं सहज गात बसली होती, ते सेराफिनच्या बायकोच्या कानावर पडलं. सेराफिनने विचारलं, करशील? हातात दिवस मोजके, आणि ब्रुनहिल्डेचे प्रयोगही चालूच. शेवटची 'वाल्किरी' १६ जानेवारीला झाली, 'पुरितानी' १९ ला. मधल्या वेळेत तिने अख्खी भूमिका बसवली.

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच आठवड्यात धृपदही गायचं आणि ठुमरीही, दोन्ही तितक्याच तोलाने. लोकांचा विश्वास बसेना. पण मला त्या कसरतीपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या गाण्यातल्या ताना तोवर गळ्याची करामत म्हणून पाखरासारख्या आवाजात गायल्या जात. कॅलासने त्या जड, दुखऱ्या आवाजात घेतल्या, आणि प्रत्येक तानेला कारण दिलं. ही मुलगी हसतेय, ही घाबरलीय, हिचं भान सुटतंय. मग धूळ खात पडलेले ऑपेरा बाहेर निघाले. ला स्कालात १९५७ मध्ये 'आन्ना बोलेना', १९५८ मध्ये 'इल पिराता'. जोन सदरलंड, मोन्सेरात काबाये या पुढच्या मोठ्या गायिका त्याच वाटेने गेल्या. ती वाट या गल्लीतून निघते.

बाहेर आलो तर पाऊस. एका कमानीखाली उभं राहून कॉफी प्यायलो.

सातवा दिवस, अथेन्सकडे

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून एजियन समुद्र दिसला. गडद निळा, बेटांच्या कडेला पांढरी किनार. मी काही बोलले नाही. ताईने चष्मा सारखा केला, खिडकीकडे वळली आणि हात जोडले. "आता केला," म्हणाली.

आठवा दिवस, अथेन्स

सकाळी मित्रोपोलेओस रस्त्यावरचं कॅलास संग्रहालय. तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ते सुरू झालं. फोटो, पत्रं, कपडे, आणि शांत बसून ऐकायच्या जागा. ताई तिथे माझ्याहून जास्त वेळ बसली.

दुपारी पातिसिओन रस्ता, क्रमांक ६१. १९३७ मध्ये आईबरोबर तेरा वर्षांची मारिया न्यूयॉर्कहून अथेन्सला आली, आणि नंतर या इमारतीत राहिली. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. रस्त्यावर बसचा धूर, खाली दुकानं. याच रस्त्यांवर १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन-इटालियन ताब्यात, लोक उपासमारीने मरत होते. त्याच वर्षांत ही मुलगी गाणं शिकत होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवरची पहिली छोटी भूमिका, ऑगस्ट १९४२ मध्ये अठराव्या वर्षी 'तोस्का'.

तिची गुरू एल्विरा दे हिदाल्गो, स्पॅनिश गायिका, पळत्या गळ्याची. अथेन्सच्या संगीतशाळेत त्या शिकवत. कॅलास सकाळी दहाला वर्गात यायची ती संध्याकाळी सगळे गेल्यावरच उठायची. स्वतःचा धडा झाला की बाकी वेळ बसून इतरांचे धडे ऐकायचे. सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याकडूनही आपल्याला न येणारी एखादी गोष्ट शिकता येते, असं ती पुढे सांगायची. मोठी झाल्यावर, १९७१-७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत तिने तरुण गायकांचे वर्ग घेतले, तेव्हाही तिचा भर शब्दावर आणि लयीवरच होता. आमच्या बाईंच्या घरीही असंच बसून ऐकायचं असे. आपली पाळी झाली की घरी पळणाऱ्या मुलींना बाई काही बोलायच्या नाहीत, पण बसून राहणाऱ्यांना चहा मिळायचा.

संध्याकाळी अॅक्रोपोलिसच्या उतारावरून हेरोदेस आत्तिकसचं प्रेक्षागार पाहिलं. ऑगस्ट १९४४, शहर अजून जर्मनांच्या ताब्यात, आणि इथे वीस वर्षांच्या कॅलासने बेटहोव्हनच्या 'फिडेलिओ'त लेओनोरे गायली. तुरुंगातून नवऱ्याला सोडवणारी बायको. ऑक्टोबरात अथेन्स मुक्त झालं. त्या प्रेक्षकांत कोण कोण बसलं असेल, कुणाच्या घरचं कोण कोठडीत असेल, हे मनात आलं आणि मी ताईचा हात धरला.

नववा दिवस, एपिडॉरस

पहाटेची बस. कोरिंथचा कालवा पार केल्यावर ऑलिव्ह आणि संत्र्यांच्या बागा, मग पाइनची झाडं. अडीच तासांनी उतरलो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं हे प्रेक्षागार डोंगराच्या कुशीत शिंपल्यासारखं बसवलंय, चौदा हजार माणसं मावतील एवढं.

२४ ऑगस्ट १९६० ला कॅलास इथे 'नॉर्मा' गायली. आधी ठरलेली रात्र पावसाने वाहून गेली होती. संगीत सांभाळायला पुन्हा सेराफिनच, ८१ वर्षांचा. पुढच्या वर्षी 'मेदेआ'. तेव्हा आवाजाची उतरण सुरू झाली होती, आणि ते तिला कुणीही सांगण्याआधी कळलेलं असणार. पाच वर्षांनी, ५ जुलै १९६५ ला, लंडनमध्ये 'तोस्का' करून तिने ऑपेराचा रंगमंच सोडला.

ताई म्हणाली, "तू खाली थांब, मी वर जाते." पंचावन्न ओळी आहेत. गुडघे धरत, मध्ये तीनदा थांबत ती सगळ्यात वरच्या ओळीत पोचली. तिथून तिने चष्मा काढून माझ्या दिशेने हलवून दाखवला आणि पर्समध्ये ठेवला.

मधोमध एक गोल दगड आहे. एक जर्मन कुटुंब टाळ्या वाजवून बघत होतं, ते गेल्यावर मी त्यावर उभी राहिले. मोठ्याने गायचं धाडस नव्हतं, पहारेकरी पलीकडेच होता. तंबोऱ्याशी लावतो तसा खालचा सा लावला, ओठ जेमतेम उघडून, आणि धरून ठेवला. मग श्वास घेऊन पुन्हा.

ताईला खाली यायला पंधरा मिनिटं लागली. पाण्याची बाटली घेऊन एका पायरीवर टेकली, दोन घोट प्यायली.

"आला ऐकू?"

"सा आलाच," ती म्हणाली. "मध्ये तू श्वास घेतलास, तोही आला."